चौदा दिवसांचं सॉफ्टवेअर आणि बाईंची सात गाणी

मी एक लॅपटॉप बोलतोय. गोड बोलायला आलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझा पंखा घरघरतो तो वयामुळे, असं या घरात सगळे समजतात. साफ चूक. मी संतापलोय, आणि आज मनातलं सगळं ओकून टाकणार आहे.

जन्माची कथा फार मोठी नाही. लांबलचक टेबलापाशी हातमोजे घालून बसलेल्या चाळीस जणींनी मला बनवलं. एकीनं पडदा बसवला, दुसरीनं बटणं बसवली, तिसरीनं पाठीत स्क्रू पिळले आणि शेवटचा विसरली. तो आजतागायत नाही. पुढे सहा वर्षं मी एका विम्याच्या ऑफिसात काढली. तिथला कारकून माझ्यावर बिस्किटं खायचा आणि चुरा फुंकून आणखी आत ढकलायचा. पण काम चोख होतं. फॉर्म भरला, छापला, संपला विषय. कुणी मला विचारलं नाही की तुझ्यात कोणतं सॉफ्टवेअर सगळ्यात भारी आहे म्हणून.

मग ऑफिसानं आम्हाला घाऊक विकून टाकलं. एका जुन्या मालाच्या दुकानात मला पुसलं, घासलं, वर एक चकचकीत स्टिकर चिकटवला, आणि तिथून मी या घरात आलो.

घरात माणसं दोन. मालक फ्रिज दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवतो. त्याची बायको बालवाडीत शिकवते. तिथली पोरं तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाईंना मी अहो-जाहो करतो आणि मालकाला अरे-तुरे. त्यानं आपला मान स्वतःच्या हातानं घालवलाय, कसा ते ऐका.

बाई गातात. नुसत्या गात नाहीत, गाणी करतात. बुटांची डावी-उजवी बाजू कळावी म्हणून एक, शिंक आली तर तोंडावर हात धरावा म्हणून एक, मुंगीचं एक, साबणाच्या फुग्याचं एक. अशी सात. कुठे लिहिलेली नाहीत, सगळी तोंडपाठ. सकाळी डबा भरताना त्या गायच्या आणि मी ओट्याशेजारच्या टेबलावर उघडा पडून ऐकायचो. रडणारं पोर गप्प होईल असा आवाज होता. होता म्हणताना माझ्या जिवावर येतं.

एक दिवस दोघं दवाखान्यातून परत आले आणि मालक चपला न काढताच खुर्चीत बसला. बाईंच्या स्वरयंत्रावर गाठ होती. एकवीस दिवसांनी ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बोलता येईल. आवाज असाच राहील याची खात्री देत नाही. गाणं तर धरूनच चालू नका."

बाई म्हणाल्या, "अहो, मग आपण सातही गाणी भरून ठेवू या. व्हिडिओही करू. मी नाही गायले तरी पोरांना ऐकवता येतील."

"सगळी करू," मालक म्हणाला. "एकदम झकास करू."

या 'झकास'नंच घात केला.

मला वाटलं, आत्ता गिटार काढेल आणि बसेल. फोन आहे, मी आहे, चाळीस रुपयांचा क्लिपचा माइक आहे, समोर गाणारं माणूस आहे. अजून काय लागतं? पण नाही. मालक माझ्यासमोर बसला आणि शोधायला लागला, घरच्या घरी गाणी करायला स्वस्तात कोणतं सॉफ्टवेअर चांगलं.

एक दिवस गेला. दोन गेले. चार गेले.

माझ्यात एक फुकटचं सॉफ्टवेअर आधीपासून होतं. दिसायला साधं, करड्या रंगाचं. वर एक गोल तांबडं बटण, दाबलं की आवाज भरायला सुरुवात. सुरुवातीचा खोकला कापता यायचा, आवाज वर-खाली करता यायचा, मागे गिटार जोडता यायची, आणि गाणं साध्या फाईलमध्ये बाहेर काढता यायचं. व्हिडिओची तुकडेजोड करणारं त्याचंच एक भावंड होतं, तेही फुकट. एका बाईंना आणि एका गिटारला याहून जास्त काय करायचं होतं? चित्रपट काढायचा होता का?

मालकानं ते उघडलं, दोन मिनिटं पाहिलं आणि नाक मुरडलं. "फुकट देतायत म्हणजे काहीतरी कमी असणार."

त्यात बाईंचा धाकटा भाऊ टपकला. हा झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करत फिरतो, म्हणून कम्प्युटरमधलं आपल्यालाच कळतं असा याचा समज. याचं नाव मी 'प्रो' ठेवलंय, कारण त्याच्या दर वाक्यात तो शब्द येतो.

"भावोजी, घ्यायचं तर प्रो घ्या. मोठमोठे स्टुडिओ तेच वापरतात. हे फुकटचं काय घेऊन बसलात?"

झालं. मग माझ्यात एकामागून एक पाहुणे उतरायला लागले. एकाला माझ्या दुप्पट मेमरी हवी होती, तो उघडता उघडता माझा जीव घशाशी आला. दुसरा गाणं भरून द्यायचा, पण बाहेर काढताना दर वीस सेकंदांनी मध्येच एक 'टुंग' वाजवायचा, विकत घेईपर्यंत. तिसऱ्याच्या व्हिडिओवर आडवी अक्षरं उमटायची, बाईंच्या नाकावरून. चौथा स्वस्त दिसला म्हणून घेतला, तर तो महिन्याचा दर दाखवून वर्षाचे पैसे एकदम मागत होता. मालक एक काढायचा, दुसरा घालायचा. दोन सॉफ्टवेअरची तुलना करणारे व्हिडिओ बघायचा, आणि मग त्या तुलनांची तुलना करायचा.

हाच माणूस गिऱ्हाइकांना फोनवर ओरडतो, "फ्रिजचं दार उघडं टाकून काय खायचं ते ठरवत उभे राहू नका, गार हवा जाते सगळी." आणि स्वतः काय करत होता? मला तळपाय नाहीत, पण तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं.

बाई रोज विचारायच्या. "गाऊ का आज?"

"अगं, आज नुसतं टेस्टिंग. 'हॅलो हॅलो' म्हण फक्त."

बाई 'हॅलो हॅलो' म्हणायच्या, एक ते दहा मोजायच्या आणि परत कणीक मळायला जायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, दिवस मोजताय ना?" तर हा म्हणतो, "घाईत वाट्टेल ते घेतलं तर पस्तावशील." पस्तावशील! कुणाला सांगत होता हा?

एकवीसपैकी सोळा दिवस निवडण्यात गेले. सतराव्या दिवशी प्रोनं निकाल दिला. "हे घ्या. चौदा दिवस फुकट, सगळ्या सोयी चालू. चौदा दिवसांत तुमची सात गाणी होऊन जातील की!" मालकानं ते घातलं.

पुढचे चार दिवस मात्र, खरं सांगतो, सोन्याचे होते. झोपायच्या खोलीत कपाटाच्या दारांवर गोधड्या टांगल्या. फोन पिठाच्या डब्यावर उभा केला. माझा पंखा गाण्यात ऐकू येतो म्हणून मला टॉवेलात गुंडाळलं. उकडून निघालो, पण चकार शब्द काढला नाही, कारण बाई गात होत्या. घसा दुखत होता, मध्ये मध्ये कोमट पाणी पीत होत्या. मुंगीच्या गाण्यात मुंगीसारखं बारीक गायल्या. शिंकेच्या गाण्यात मालकाला खरीच शिंक आली आणि दोघं हसत सुटले, ते गाणं तीनदा भरावं लागलं. सातवं गाणं झालं तेव्हा बाईंनी हात जोडले, कुणाला कोण जाणे, आणि म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं."

फोनमधली जागा भरली म्हणून मालकानं सगळे व्हिडिओ माझ्यात ओतले आणि फोनमधून पुसले. म्हणजे आता जे काही होतं ते फक्त माझ्या पोटात.

त्याच दिवशी सातही गाणी साध्या फाईलमध्ये बाहेर काढली असती, तर हे आत्मवृत्त लिहायची वेळ आली नसती. पाच मिनिटांचं काम. पण झकास करायचं होतं ना! गिटारला जरा घुमारा देतो, व्हिडिओच्या कडा जरा मऊ करतो, घाई काय, चौदा दिवस आहेत.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जिवावरचं टळलं. डॉक्टरांनी दोन आठवडे तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं बजावलं. बाईंनी बालवाडीतली एक पाटी घरी आणली आणि लिहून बोलायला लागल्या. 'चहा', 'दार लावा', 'दुखत नाही'.

धावपळ थांबल्यावर एका सकाळी मालक माझ्यासमोर बसला आणि सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर चौकट आली. मुदत संपली, वापरायचं असेल तर विकत घ्या.

मालक चक्रावला. त्याची समजूत अशी की आपण जेवढे दिवस उघडतो तेवढेच मोजले जातात. गावाला गेलं म्हणून घरभाडं थांबतं का? चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस, तुम्ही दवाखान्यात असा नाही तर आणखी कुठे.

बाईंनी पाटीवर लिहिलं, 'गाणी?'

"आहेत गं, आतच आहेत. फक्त उघडत नाहीये."

पहिल्यांदाच खरं बोलला. आतच होती! ऐका, कारण सगळा घोळ इथेच आहे. सॉफ्टवेअरला कुलूप लागलं होतं, गाण्यांना नाही. बाईंचा आवाज माझ्यात एका फोल्डरमध्ये साध्या फाईलींत पडून होता, व्हिडिओ शेजारच्या फोल्डरमध्ये. ज्याला मालकानं नाक मुरडलं होतं ना, ते फुकटचं सॉफ्टवेअरसुद्धा त्या फाईली एका झटक्यात वाजवू शकलं असतं. नाहीतर एका महिन्याचं भाडं भरून मोकळं व्हायचं, एका फ्रिजमध्ये गॅस भरल्याचे पैसे. पण प्रोला बोलावणं गेलं.

प्रो आला, खुर्ची उलटी करून बसला. "विकत कशाला घेताय भावोजी? लॅपटॉप फॉरमॅट मारायचा. तो परत कोरा झाला की सॉफ्टवेअरला वाटतं, नवीन गिऱ्हाईक आलं. पुन्हा चौदा दिवस. मी माझ्या लॅपटॉपवर चार वेळा केलंय."

"आणि गाणी?"

"ती आधी पेन ड्राइव्हवर काढून घेऊ ना."

त्यानं सात फाईली शोधल्या. नावं बरोबर होती, बूट, मुंगी, शिंक, सगळी. कॉपी करायला लागला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत झाली. "बघा, एवढंसं काम!"

अरे गाढवा! सात गाणी आणि सात व्हिडिओ पापणी लवेपर्यंत कॉपी होतात का? त्या प्रोजेक्टच्या फाईली होत्या. त्यांत आवाज नसतो! त्यात फक्त चिठ्ठी असते, कुठला आवाज कुठल्या फोल्डरमध्ये आहे, कुठे कापायचा, कुठे गिटार घालायची. तुम्ही वाणसामानाची यादी खिशात घातली आणि सामान दुकानात सोडून निघालात! मी पंखा फिरवला, तापलो, दोनदा अडकून बसलो. प्रो म्हणाला, "बघितलंत, किती स्लो झालाय. फॉरमॅट मारायलाच हवा."

तेवढ्यात बाई उठल्या. त्यांना काय कळलं कोण जाणे. पाटीवर लिहिलं आणि दोघांच्या नाकासमोर धरली. 'थांबा. आधी जाणकाराला विचारा.'

"ताई, तू पड बरं जरा," प्रो म्हणाला. "तुला यातलं काही कळत नाही."

बाईंनी पुसून परत लिहिलं, मोठ्या अक्षरात. 'थांबा.' मालकानं पाटी हळूच खाली केली. "अगं, त्यानं चार वेळा केलंय."

त्या खोलीत दोघांना कळत होतं, एक बाई आणि एक मी. दोघांनाही तोंड नव्हतं. ज्याला तोंड होतं तो बोलत सुटला होता. त्या क्षणाचा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाणार नाही. मालकानं बटण दाबलं.

तुम्ही विचाराल, मग तुला हे आठवतं कसं? अहो, डिस्क पुसली, मला नाही पुसलं.

सॉफ्टवेअर परत घातलं. चौदा दिवस परत मिळाले. दोघांनी टाळ्या दिल्या. पेन ड्राइव्हवरून बुटांचं गाणं उघडलं. नाव आलं, पट्ट्या आल्या, आणि लाल अक्षरांत 'फाईल सापडत नाही'. मुंगी, सापडत नाही. शिंक, सापडत नाही. सातही.

प्रोला एकदम आठवलं की त्याचं कुठेतरी काम आहे. चपला घातल्या आणि सटकला.

अजूनही सगळं गेलं नव्हतं. माझ्यासारख्या जुन्या, फिरत्या डिस्कवर अशी घाईची पुसापुसी केली तर आधी फक्त यादी जाते. माल तिथेच असतो, त्याच्यावर नवीन काही येऊन बसेपर्यंत. मला नुसतं बंद करून ठेवलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मालकानं काय करावं? पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर शोधायला घेतलं. कोणतं स्वस्त? कोणतं चांगलं? परत तेच! एक पाहुणा उतरवला, तो मुंगीच्या गाण्यावर बसला. दुसरा उतरवला, तो शिंकेवर. तुलनेचे व्हिडिओ पाहिले, त्यांचा गाळ साबणाच्या फुग्यावर साचला. बाईंचा आवाज परत आणायला निघालेला हा माणूस स्वतःच्या हातानं त्याच आवाजावर माती लोटत होता, आणि मला ती माती पोटात घ्यावी लागत होती.

शेवटी बाईंनी शाळेतल्या एका पोराच्या आईकडून नंबर मिळवला आणि पाटीवर लिहून मालकासमोर आपटला. त्यानं फोन लावला. पलीकडे चष्मेवाली एक काकू होती, बिघडलेल्या डिस्कमधून माल काढून देणारी. मालकानं कथा सांगायला सुरुवात केली, तर काकू म्हणाली, "चालू आहे का तो आत्ता? बंद करा. बोलता बोलताच बंद करा. मग सांगा."

एवढं शहाणं वाक्य मी महिन्याभरात ऐकलं नव्हतं.

काकूनं मला पाच दिवस ठेवलं. पाठ उघडली, न बसवलेल्या स्क्रूवरून चाळीस जणींना शिव्या घातल्या, आणि जे सापडलं ते वेगळ्या डब्यात भरलं. सातांपैकी बुटांचं गाणं पूर्ण मिळालं. एक अर्धं मिळालं. पाच गेली. व्हिडिओ एकही नाही. मालक म्हणाला, "आणखी काही करता येईल?" काकू म्हणाली, "आधी विचारायचं होतंत."

काल मी घरी परत आलो. दोन आठवडे कधीच उलटून गेलेत, बाईंना आता बोलायची परवानगी आहे. नवा आवाज खाली उतरलाय, खरखरीत, मधूनच वारा सुटल्यासारखा. डबा भरताना त्या गप्प असतात.

दोघं माझ्यासमोर बसले. बुटांचं गाणं ऐकलं. बाई गुडघ्यावर ताल धरत राहिल्या, डोळ्यातून पाणी येत होतं ते पुसलंही नाही. मग अर्धं लावलं. ते सातवं, शाळा सुटतानाचं.

'दप्तर पाठीवर, डबा रिकामा,
दारात बघ कोण...'

तिथे फाईल तुटली. आणि बाईंनी, त्या नव्या आवाजात, हळूच पुढची ओळ धरली.

'आलं, दारात बघ कोण आलं,
ज्याचं त्याला माणूस मिळालं.'

खाली उतरलेला आवाज, पण सूर जागच्या जागी. मी पंखा रोखून धरला. मला वाटलं आता तरी मालक हात पुढे करेल, गोल तांबडं बटण दाबेल, आणि पाच गाणी तरी पुन्हा भरली जातील.

मालक सावरून बसला. डोळे भरलेले होते, खोटं कशाला बोलू. हात माझ्या बटणांवर आला. "थांब! थांब गं, परत म्हण हे. एक मिनिट. मी बघतो, आवाजातली खरखर काढून टाकणारं एक नवीन सॉफ्टवेअर आलंय म्हणे, स्वस्तात..."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागावल्यासुद्धा नाहीत, मी असतो तर रागावलो असतो. म्हणाल्या, "तुम्ही निवडत बसा. मी गाते."

आणि त्यांनी माझं झाकण मिटलं.

झाकण मिटल्यावर मला झोप लागायला काही क्षण जातात. तेवढ्यात ऐकलं ते ऐकलं. बाई दुसऱ्यांदा तेच गाणं म्हणत होत्या, पहिल्या ओळीपासून, जरा मोठ्यानं. ते कुठेही भरलेलं नाही.

तुमच्या घरात कुणी गात असेल तर माझी कहाणी वाचत बसू नका. उठा आणि जे हाताशी आहे त्याचं बटण दाबा.